आडातला मोगरा

१

मे महिन्यातल्या त्या सोमवारी सकाळी मी थालीपिठावर लोण्याचा गोळा ठेवला आणि सरोजिनीचा फोन वाजला. माझ्या नाश्त्याशी तिच्या फोनचं काय वाकडं आहे, देव जाणे.

"मॅडम, राजश्री बोलतेय. आमच्या आडातले मासे मेले. सगळेच्या सगळे, एकतीस. आप्पांनी भावकूमामांवर आळ घेतलाय. तीस वर्षं आमच्या मळ्यात राहिलेला माणूस आज चारच्या टेम्पोनं बिऱ्हाड घेऊन निघालाय. तुम्ही याल का?"

राजश्री ही सरोजिनीची जुनी विद्यार्थिनी. निपाणीच्या अलीकडं, हायवे सोडून चार किलोमीटर आत, एका जैन शेतकरी घरात तिला दिली आहे. सरोजिनीनं बेळगावच्या कॉलेजात तेहतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. मी हरिभाऊ, तिचा नवरा. चाळीस वर्षं दिवाणी वकिली केली. खोटं बोलणारा माणूस मी नुसत्या डोळ्यांवरून ओळखतो, असं मी टिळकवाडीत सगळ्यांना सांगत असतो. सरोजिनी तेव्हा दुसरीकडं बघून हसते.

"मासे मेले तर गुरांच्या डॉक्टरला बोलवा म्हणावं," मी म्हणालो.

"अहो, माणसाचं घर चाललंय. गाडी काढा."

"आणि थालीपीठ?"

"गुंडाळून घ्या बरोबर."

पस्तीस वर्षांच्या संसारात मी एकही दावा तिच्याविरुद्ध जिंकलेला नाही. गाडी काढली.

२

मळ्यात शिरलो तर आधी वासच आला. राजश्रीचा नवरा वीरेंद्र अगरबत्तीचा धंदा करतो. घराच्या मागं शेड आहे, तिथं काड्यांना सेंट मारतात. मोगरा, केवडा, चंदन, सगळं एकत्र नाकात शिरलं आणि मला दोन शिंका आल्या.

"सवय होते, सर," राजश्री म्हणाली. "आठ दिवसांत काही कळेनासं होतं."

तिचे सासरे तवनाप्पा, म्हणजेच आप्पा, स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसले होते. अठ्ठ्याहत्तर वय, ताठ पाठ, पांढरं धोतर. उठून त्यांनी आम्हाला नमस्कार केला.

"बाई, तुमी शिकलेल्या. बघा तुमीच. कोवळं जीव हुतं. मलेरियाच्या ऑफिसातनं गप्पी मासं आणून सोडलेलं, त्येंची पिलं, पिलांची पिलं. रोज दाणं टाकलं की वर याची. काल सकाळी जाळी उघडली, तर सगळी उताणी. मी म्हणलो, भावकू, हे तुझं काम."

"भावकूचंच कशावरून?" मी वकिली आवाजात विचारलं.

"शनिवारी सांजच्याला त्यो आडावर वाकून बघायलता. पाठीवर फवारणीचा पंप. मी माझ्या डोळ्यानं बघितलं. जाळीला कुलूप हाय, पर औषध वतायला किल्ली कशाला लागतीया?"

एवढ्यात मला ओसरीवर करपल्याचा वास आला. मी म्हणालो, "दूध लागलं बघा," आणि राजश्री पळाली. आप्पा चुलीपासून हाताच्या अंतरावर होते, ते मात्र आपल्याच दुःखात. मला त्यांची दया आली.

आड घराच्या पाठीमागं होता. अरुंद, दगडी, वर लोखंडी जाळी. उन्हाळ्यानं पाणी पार तळाला गेलेलं, फार तर छातीएवढं. घरात बाकी सगळे फिल्टरचं पाणी पितात. आडाचं पाणी फक्त आप्पांचं. त्यांचा तसा नेम आहे.

"पाणी कसं काढता, दाखवाल का?" सरोजिनीनं विचारलं.

आप्पांचा चेहरा जरा उजळला. त्यांनी बादली वर ओढली, दुहेरी फडक्यातून पाणी गाळलं. मग ते फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं एका चकचकीत डब्यात धुतलं. "ही जिवाणी," ते म्हणाले. "फडक्यात आलेलं बारीक जीव. त्येंचं घर आड, त्येंस्नी परत आडात पोचवायचं. वरनं वतलं तर आपटून मरत्यात. म्हणून डब्याला दोन दोऱ्या. एका दोरीनं पाण्याला टेकवायचा, दुसरीनं हळूच कलता करायचा. सकाळी एकदा, सांजच्याला एकदा. पन्नास वरसं झाली, चुकवलं न्हाय."

डबा दोरीनं खाली गेला, पाण्याला टेकला, अलगद कलला. आवाजसुद्धा झाला नाही. मी एवढ्या हळुवारपणे आमचं बाळ पाळण्यात ठेवलं नव्हतं.

"आणि काल सकाळी हे पाणी प्यायलात? चव कशी होती?"

"रोजच्यासारखी. अमृत."

सरोजिनीनं माझ्याकडं बघितलं. मला त्या बघण्यातलं काही कळलं नाही. तिनं पर्समधून औषधाची रिकामी बाटली काढली, आडाचं पाणी भरलं, भिंगातून न्याहाळलं आणि बूच घट्ट लावलं. तेव्हा साडेबारा वाजले होते.

३

भावकूचं घर बांधावर. दोन खोल्या, पुढं शेवग्याचं झाड. त्याची बायको जयाबाई भांडी पोत्यात भरत होती, एकेक भांडं आपटून. भावकू उंबऱ्यावर बसून बाजेची नवार आवळत होता.

"मी काय केल्यालं न्हाय," तो म्हणाला. "पर आप्पा म्हणलं, 'हिंसा करणारा माझ्या मळ्यात नको.' संपलं. आता हितलं पाणी मला गोड लागणार न्हाय."

"मग तसं तोंडानं सांगायचं की त्यांना!" जयाबाई कडाडली. "तोंड शिवून बसलंय हे. बाई, गेल्या साली ह्येला ताप आलता तवा आप्पा रोज येऊन बसायचं उशाशी. आणि आता एका शब्दानं चोर!"

"तू गप गं."

"का गप?"

सरोजिनी बाजेच्या कडेला टेकली. "भावकू, शनिवारी आडावर काय बघत होता?"

"मासं. चार-पाच दिस झालं, दाणं टाकलं तरी वर येत न्हवतं. शनिवारी बघितलं तर पाण्याच्या वरच्या अंगाला येऊन तोंड उघडायलती, आ आ करून. विहिरीशेजारच्या उसात फवारणी करून आलतो, पंप पाठीवरच हुता. तसाच शेडकडं गेलो आणि वीरेंद्रअण्णास्नी सांगितलं, आडात कायतरी बिघडलंय."

"वीरेंद्रला सांगितलंस? शनिवारी?"

"व्हय. अण्णा म्हणलं, बघतो."

मी उडालोच. काल सकाळी सगळ्यांसमोर या माणसावर आळ आला आणि वीरेंद्र तिथंच उभा होता. तो एक शब्दही बोलला नव्हता.

४

वीरेंद्र शेडमध्ये काड्यांचे जुडगे मोजत होता. आम्हाला बघून त्याचा हात थांबला. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलायला गोड माणूस. पण डोळे! चाळीस वर्षांचा अनुभव आहे माझा.

"भावकूनं शनिवारी तुला सांगितलं होतं," मी कडक आवाजात म्हणालो. "गप्प का बसलास?"

तो सेंटच्या पिंपाला टेकून खालीच बसला.

"काका, मला वाटलं माझंच पाप हाय. शेड धुतलेलं पाणी मी सिमेंटच्या खड्ड्यात सोडतो. मागल्या महिन्यात खड्डा भरून वाहिला. आप्पांस्नी कळलं तर शेड बंद. आठ बायका हाताखाली हायत माझ्या. मी म्हणलो, आज राहू दे, उद्या सांगू. आणि उद्या उजाडली तर आप्पांनी भावकूमामाचं नाव घेतलं. मग जीभच उचलंना."

"झालं!" मी सरोजिनीला म्हणालो. "आरोपी कबूल. चला, निकाल सांगू आणि जेवू."

"खड्डा कुठं वाहिला?" तिनं विचारलं.

वीरेंद्रनं बोट दाखवलं. पाण्याची वाट शेडकडून उताराला, मळ्याच्या मोठ्या विहिरीकडं गेली होती. आड होता चढाला, घरापाशी. सरोजिनी तडक विहिरीवर गेली. मी मागून धापा टाकत. पायऱ्यांवर दोन बेडूक बसले होते, आम्हाला बघून त्यांनी बुडी मारली. पाण्यावर निवळ्या पळत होत्या. तिनं ओंजळभर पाणी काचेच्या पेल्यात घेतलं आणि भिंग लावून माझ्या हातात दिलं.

रव्याच्या कणाएवढे जीव पेल्यात टुणटुण उड्या मारत होते.

"पाणपिसवा," ती म्हणाली. "माशांचं खाणं. पाण्यात काही वाईट उतरलं की आधी ह्याच मरतात. खड्ड्याचं पाणी या विहिरीकडं आलं, भावकूची फवारणीसुद्धा हिच्याच शेजारच्या उसात झाली. आणि हिच्यात सगळं जिवंत आहे. आडाच्या पाण्यात मात्र मघाशी मला एकही पाणपिसू दिसली नाही. जे आलं ते जमिनीतून आलेलं नाही, अहो. ते वरून, आडाच्या तोंडातून गेलंय."

"म्हणजे वीरेंद्र नाही?"

"गप्प बसला हा त्याचा गुन्हा. मासे त्यानं मारले नाहीत."

माझा आरोपी हातचा गेला. पोटात तर कावळे ओरडत होते.

५

"गाडी काढा, हायवेवर जायचंय," सरोजिनी म्हणाली.

"जेवायला?"

"वास घ्यायला."

मला वाटलं उन्हानं तिला चक्कर आली. पण बोलून फायदा नव्हता. चार किलोमीटर बाहेर आलो, हायवेवरच्या हॉटेलापाशी थांबलो. वारा सुटला होता. मी पाच मिनिटं नुसता श्वास घेतला. नाक मोकळं झालं, मिरचीभज्यांचा खमंग वास आला आणि मी लगेच दोन प्लेट सांगितल्या.

"आधी हे," म्हणून तिनं आडाच्या पाण्याची बाटली उघडून माझ्या नाकाखाली धरली.

मोगरा! ठसठशीत, लग्नाच्या हॉलमध्ये येतो तसला.

"मळ्यात वास घेऊन काय उपयोग होता? तिथं सगळ्यालाच तो वास," ती म्हणाली. "हा फुलाचा मोगरा नाही. कारखान्यात बनवलेला सेंट आहे. फूल वाळलं की वास जातो. हा जाऊ नये म्हणूनच बनवलेला असतो. अगरबत्तीत ते चांगलं, पाण्यात वाईट. पाण्यात तो विरघळत नाही नीट, जिवांच्या अंगातल्या चरबीला जाऊन चिकटतो. माशाच्या कल्ल्यांतून आत शिरतो. आड उन्हाळ्यात केवढासा? पाणी थोडं, त्यात चमचा-दोन चमचे सेंट रोज थोडाथोडा उतरला तरी पुरे."

"पण ओतला कुणी? एवढा वास येणारं पाणी, आणि..." माझ्या हातातलं भजं तसंच राहिलं. "अगं, आप्पा तर ते रोज पितात! मघाशी अमृत म्हणाले!"

"खा आता भजी," सरोजिनी म्हणाली. "आणि लवकर. पावणेतीन झालेत."

६

परत आलो तेव्हा भावकूच्या दारात टेम्पो लागला होता. परशराम नावाचा ड्रायव्हर सावलीत बसून होता.

सरोजिनीनं राजश्रीला दोन काचेच्या बरण्या आणायला सांगितल्या. विहिरीच्या पाणपिसवा दोन्हीत सोडायच्या, एका बरणीत आप्पांचा डबा खळबळून ते पाणी घालायचं. अर्ध्या तासात कळेल.

"काय कळंल?" आप्पांनी विचारलं.

"एका बरणीतल्या पिसवा मरतील."

आप्पा ताडकन उठले. "न्हाय. एका जिवाचा न्याय कराय दुसरं जीव मारायचं? माझ्या दारात न्हाय, बाई."

तेहतीस वर्षं प्रयोगशाळेत घालवलेली बाई ती. मला वाटलं आता वाद होणार.

"तुमचं बरोबर आहे, आप्पा. माझं चुकलं," ती म्हणाली. तिनं पाणपिसवांचा पेला राजश्रीकडं दिला, पिसवा विहिरीत परत सोडून यायला सांगितलं. सव्वातीन झाले होते.

मग तिनं दोन स्टीलचे पेले घेतले. एकात विहिरीचं पाणी. दुसऱ्यात, आप्पांच्या डब्यात खळबळलेलं. दोन्ही त्यांच्यासमोर ठेवले.

"प्यायचं नाही. नुसता वास घ्या आणि सांगा, कुठल्यात मोगरा आहे?"

पेला ठेवला मात्र, आम्हा सगळ्यांना उत्तर कळलं. हायवेवर धुऊन आलेलं माझं नाक तर झिणझिणलं. राजश्रीनं तोंडाला पदर लावला. वीरेंद्र म्हणाला, "हा तर आमचा..." आणि थांबला.

आप्पांनी पहिला पेला नाकाशी धरला. मग दुसरा. परत पहिला. त्यांच्या कपाळावर घाम आला. एवढा सरळ माणूस चुळबुळताना बघवेना मला.

"ह्यात," ते म्हणाले. बोट विहिरीच्या पाण्यावर होतं.

"आप्पा, वास कधीपासून येत नाही?" सरोजिनीनं अगदी हळू विचारलं.

आप्पा पाटावर बसले. "करोना झालतं, तवापासनं. म्हाताऱ्याचं नाक गेलं, त्यात काय गाजावाजा करायचा? कुणाला सांगितलं न्हाय."

"मघा दूध करपलं, ह्यांना ओसरीवर वास आला, तुम्हाला चुलीपाशी नाही. तेव्हाच मनात आलं. हा डबा नवा आहे ना?"

"माझी तांब्याची लहान कळशी हुती जिवाणीला. कल्हई गेली म्हणून निपाणीला दिली, नऊ दिस झालं. कल्हईवाला लग्नाला गेलाय. शेडच्या मागं हा रिकामा डबा दिसला. हलका, पाण्यावर नीट टेकतोय. वरचं तोंड कापलं, दोऱ्या बांधल्या. राखंनं तीनदा घासला, बाई! चकाचक केला!"

"माती, चिकटा, सगळं निघतं राखेनं. हे तेल तळाच्या दुमडलेल्या वळीत बसून राहतं. सेंटचा डबा आहे तो," सरोजिनी म्हणाली. "चार-पाच दिवस मासे वर येत नव्हते, भावकू सांगतो. डबा बदलल्यावरच सुरू झालं ते. दिवसातून दोनदा तुम्ही डबा पाण्याला टेकवलात आणि हलक्या हातानं कलता केलात. जीव वाचवायलाच केलंत, आप्पा. आणि उद्या डॉक्टरकडं चला. नऊ दिवस तुम्हीसुद्धा हेच प्यायलाय."

आप्पांनी डबा उचलला. तळाची वळ बोटानं चाचपली. बोट नाकाशी नेलं, आणि खाली आणलं.

"माझ्या हातनं," ते म्हणाले. "एकतीस. आणि बारीक जीव किती, त्ये कुणी मोजायचं?"

७

वीरेंद्र एकदम पुढं झाला. इतका वेळ गप्प बसलेल्या माणसाला कुठून जोर आला कोण जाणे.

"आप्पा, डबा माझ्या शेडचा. मी उघड्यावर टाकला, नाव माझंच सांगू या. गावात तुमचं नाव नको. लागलं तर शेड बंद करतो. भावकूमामानं शनिवारी मला सांगितलंतं, मी गिळून बसलो. पाप माझंबी हायच की."

हे ऐकून मला तो पोरगा पहिल्यांदा आवडला.

आप्पांनी डबा खाली ठेवला. "तुझा खड्डा तू नीट बांध. रिकामं डबं जिथनं घेतलं तिकडं परत पाठवत जा. शेड बंद करायची काय गरज न्हाय. पर माझी चूक मला ठेव."

ते उठले आणि बांधाच्या वाटेनं निघाले. अनवाणी, उन्हात. आम्ही सगळे मागून.

टेम्पो जवळजवळ भरला होता. भांड्यांची पोती, पत्र्याची पेटी, शिवणयंत्र, वर आडवी बाज. भावकू दोरी आवळत होता. आप्पांना बघून त्याचा हात थांबला, पण तो खाली उतरला नाही.

"भावकू, मासं मी मारलं," आप्पा म्हणाले. "जिवाणीच्या डब्यात सेंट हुता. मला वास येत न्हाय."

जयाबाईच्या हातातली कळशी खाली पडली.

"पर्युषण संपलं की दरसाल सगळ्या गावापुढं हात जोडतो, क्षमा करा म्हणतो आणि जेवायला जातो. ती सोपी असती रं. ही न्हाय जमायली मला."

"आप्पा," भावकू टेम्पोवरून म्हणाला, "मासं मेलं त्येचं मला काय न्हाय वाटलं. तुमी मला एक डाव इच्यारायचं हुतं. तीस वरसं हितं हाय मी. नुसतं एक डाव, की भावकू, तू केलंस का?"

"व्हय. इच्यारायचं हुतं."

मी वकील माणूस, तडजोडीची चार वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती. सरोजिनीनं माझं मनगट धरलं आणि मी तोंड मिटलं.

आप्पांनी टेम्पोच्या मागच्या फळीची कडी काढली. पहिलं पोतं ओढलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पोतं कमरेशी धरून दारापर्यंत गेला, आत ठेवून परत आला. मग दुसरं. ड्रायव्हर उठायला लागला तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. वीरेंद्र पुढं झाला, त्यालाही नको म्हटलं. जयाबाई म्हणाली, "ठेवा हो आप्पा, कंबर जाईल." त्यांनी ऐकलं नाही. भावकू वरून नुसता बघत होता. जबडा आवळलेला, डोळे लाल.

आप्पांनी बाजेला हात घातला. ती हलेना. त्यांनी पाय रोवले, परत ओढली. बाज तिरकी झाली आणि त्यांच्या अंगावर यायला लागली.

भावकूनं वरून उडी मारली आणि बाजेचं दुसरं टोक पकडलं.

"असं न्हवं आप्पा!" तो ओरडला. ओरडताना रडायला लागला. "पायाकडनं धरा. डोक्याकडचं लाकूड लई जड हाय. ते मी घेतो."

आप्पा निमूट पायाकडं गेले. दोघांनी बाज उचलली, दारात जरा आडवी-तिरपी केली आणि आत नेली. माझे डोळे भरून आले, कबूल करतो. मी सरोजिनीकडं बघितलं तर ती पदरानं भिंग पुसत होती, आणि ते काही साफ होत नव्हतं.

आतून भावकूचा आवाज आला, "तिकडं न्हवं, खिडकीखाली. रोजच्या जागंला."